आधी हिशेब, मग हाक: कोकणातल्या छोट्या संस्थेनं ऑनलाइन लिहून निधी कसा उभा करावा

निसर्ग वादळात आमच्या गावच्या वाचनालयाच्या पश्चिमेकडच्या पडवीचं छप्पर उडालं. तारीख ३ जून २०२०. वीज गेली, फोन बंद पडले. चार-पाच दिवसांनी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, चढल्यावर एका कोपऱ्यात रेंज मिळाली, तेव्हा मी उभ्या उभ्या पहिलं आवाहन लिहिलं:

"चक्रीवादळात वाचनालयाचे प्रचंड नुकसान झाले असून सर्व दानशूर व्यक्तींनी सढळ हस्ते मदत करावी, ही नम्र विनंती."

गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोनशेवर माणसं होती. जोडलेले हात भरपूर आले. पैसे तिघांनी पाठवले.

दोन दिवसांनी डोंबिवलीहून मंडळाच्या एका जुन्या काकांचा फोन आला. "अगं, पण गेलंय काय नक्की? छप्पर, भिंत की पुस्तकं? आणि लागणार किती?" मला सांगता येईना. त्या संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं पडवीत बसलो आणि कौलं मोजली, वासे मोजले, सुताराला बोलावून मजुरी विचारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सड्यावर जाऊन हे लिहिलं:

"वाचनालयाच्या पश्चिमेच्या पडवीची ४०० कौलं फुटली, ८ वासे मोडले. आतली पुस्तकं शेजारच्या दोन घरांच्या पोटमाळ्यावर वाळत ठेवली आहेत. पाऊस लागलाय, सध्या वर ताडपत्री आहे. कौलं ११,२०० रुपये, वासे ७,२००, रीप ३,६००, मजुरी १२,०००, टेम्पो २,५००. एकूण ३६,५००. २८० रुपयांत दहा कौलं बसतात. पैसे वाचनालयाच्याच खात्यात जमा होतील. खर्चाची बिलं याच गटात टाकू."

पैसे दहा दिवसांत जमले. त्यानंतरच्या वर्षांत मी अशी बरीच आवाहनं लिहिली, काही फसलीही. जे कळलं ते इथे नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. वाचनालय, रुग्णवाहिका, अभ्यासिका, वृद्धांसाठी जेवणाचा डबा, गोशाळा, काहीही असो, पायऱ्या बहुतेक त्याच आहेत.

कागद आधी

पहिलं वाक्य लिहिण्याआधी कपाट उघडा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली आहे ना? नोंदणी क्रमांक, संस्थेच्या नावाचं पॅन कार्ड, संस्थेच्या नावाचं बँक खातं, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, एवढं हाताशी हवं. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं दरवर्षी हीच घेतात.

यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. खजिनदारांच्या खासगी नंबरवर पैसे मागवू नका, मग खजिनदार कितीही सज्जन असोत. स्कॅन केल्यावर वाचनालयाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं की पनवेलमध्ये बसलेला माणूस थबकतो, आणि ते बरोबरच आहे. खातं जिल्हा बँकेत असो वा राष्ट्रीयीकृत बँकेत, शाखेत जाऊन संस्थेच्या खात्याला यूपीआय जोडून घ्या. एक-दोन हेलपाटे होतील, ते होऊ द्या.

८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता असेल तर तसं लिहा, पण नेमकं लिहा. "देणगी १०० टक्के करमुक्त" असं बेधडक छापलेलं मी पाहिलं आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. नव्या करप्रणालीत ती नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवरही ही सवलत मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते आपल्या सीएला एकदा विचारून घ्या. लोक बोलताना "८०जी"च म्हणणार, पावतीवर मात्र चूक नको.

कोणासाठी लिहितोय

गावानं बाहेर गेलेल्या माणसांकडे मागायचं, ही कोकणात आजची गोष्ट नाही. महर्षी कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. त्यांनी १८८० च्या दशकात मुंबईतल्या मुरुडकरांना जोडून गावासाठी "मुरुड फंड" उभा केला होता. पुढे गिरणगावातल्या खोल्यांमधून गावोगावची मंडळं झाली, पावती पुस्तकं फिरली, देवळाच्या जीर्णोद्धारापासून शाळेच्या इमारतीपर्यंत कामं झाली. आपण मोबाइलवर लिहितो ते त्याच पत्रकाचं आजचं रूप आहे. त्यामुळे परक्या दानशूराला उद्देशून लिहू नका. ज्याला ती पडवी माहीत आहे, त्याला लिहा.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. जुन्या वर्गणीच्या याद्या घरटी असायच्या आणि घराचं नाव पुरुषाचं. माहेरवाशिणींना कोणी विचारतच नसे. आम्ही छपराच्या वेळी एका ओळीत लिहिलं: "या वाचनालयात ज्या मुली वाचून मोठ्या झाल्या आणि लग्न होऊन गेल्या, त्यांनाही हे पोचवा." त्यानंतर जे पैसे आले त्यांत सासरच्या आडनावांची इतकी नावं होती की कोण कोणाची, हे आम्हाला फोन करून विचारावं लागलं. एकीनं लिहिलं होतं, "मला कोणी पहिल्यांदाच मागितलं." तुमच्या गटांत माहेरवाशिणी नसतील तर आजच जोडा. मंडळाच्या यादीत त्यांची नावं मिळायची नाहीत, गावातल्या बायकांना विचारा.

त्यापुढे येतात पर्यटक. मुरुड, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली इथं येऊन गेलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसांचा आपल्या किनाऱ्यावर जीव असतो, पण त्यांना वाचनालयाची पडवी माहीत नसते. त्यांच्यासाठी मजकूर वेगळा करा, गावाची ओळख दोन वाक्यांत द्या. गटातला मजकूर तसाच त्यांना पाठवू नका.

एक गरज, एक आकडा

एका आवाहनात एकच काम. छप्पर, संगणक, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि ग्रंथपालाचं मानधन असं सगळं एका दमात मागितलं की वाचणाऱ्याला कोणतंच दिसत नाही. कामाचे तुकडे पाडा, दर स्थानिक दुकानातून आणि कारागिराकडून घ्या, आणि बेरीज दोनदा तपासा. बेरीज चुकली तर गटातला कोणीतरी निवृत्त मास्तर ती सर्वांसमोर दाखवणार, आणि मग मूळ विषय बाजूला राहतो.

मग सर्वात छोट्या भागाची किंमत सांगा. दहा कौलं २८० रुपये, एक वासा ९०० रुपये, एका माणसाची दिवसाची मजुरी ६०० रुपये. "यथाशक्ती" या शब्दानं माणूस अडखळतो, किती पाठवावेत हे त्याला कळत नाही आणि कमी पाठवायची लाज वाटते. "दहा कौलं" म्हटलं की त्याला काय करायचं ते कळतं. आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलानं बरोबर २८० पाठवले होते. एका कुटुंबानं चार वासे घेतले.

ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, ऑडिटची फी, हे खर्चही लिहायला लाजू नका. लोक कौलांना पैसे देतात, वीजबिलाला देत नाहीत असा समज आहे. पण वाचनालय उघडं ठेवायला महिन्याला किती लागतात हे सरळ सांगितलं तर दरमहा ठरावीक रक्कम देणारी पाच-दहा माणसं मिळतात, आणि तीच संस्थेला खरा टेकू देतात.

मजकूर कसा लिहावा

पहिल्या दोन ओळींत काय झालं आणि काय हवं हे आलंच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकूर अर्धाच दिसतो, उरलेला उघडावा लागतो. "सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सस्नेह नमस्कार, आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की" इथवर पहिल्या ओळी संपतात आणि बोट पुढे सरकतं.

बोलता तसं लिहा. सरकारी अर्जाची भाषा गळ्यात अडकते. "नुकसान झाले आहे" असं न लिहिता काय मोडलं ते लिहा. विशेषणं खोडून त्या जागी वस्तू आणि संख्या ठेवा. "प्रचंड नुकसान" खोडलं आणि "वर ताडपत्री आहे, पाऊस लागलाय" लिहिलं, एवढाच आमच्या दोन आवाहनांतला फरक. लिहून झालं की गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. तो मध्येच "म्हणजे काय?" म्हणाला की ते वाक्य बदला.

शेवटी पैसे कुठे पाठवायचे ते: संस्थेचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, यूपीआय, आणि पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता व पॅन कोणत्या नंबरवर कळवायचा ते. हे मजकूर म्हणूनच द्या, चित्रात कोंबू नका. चित्रातला खाते क्रमांक कॉपी करता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही म्हणून फोन वाचून दाखवतो त्यांना तर ते चित्र मुकंच असतं. छापखान्यात जुळवलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो गटात चिकटवल्यावर नुसती चिन्हं दिसतात. तो फोनवर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. मोडक्या पडवीचा फोटो टाका, तिथं काम करणाऱ्या सुताराचा त्याला विचारून टाका. ज्यांच्यासाठी मदत मागतोय त्यांचे रडवेले चेहरे टाकू नका. आपल्या छोट्या गावात तो चेहरा सर्वांच्या ओळखीचा असतो. डबा घेणाऱ्या आजींना उद्या बाजारात जायचं आहे. मुलांच्या बाबतीत तर कायदाच आहे: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नं मनाई केली आहे. नाव, शाळा, चेहरा, काहीच नको. "इयत्ता आठवीतली एक मुलगी" एवढं पुरतं.

कुठे आणि कधी

सुरुवात ओळखीच्या गटांतून करा. पहिले पाच-सात देणगीदार आपलेच असू द्या, विश्वस्तांनी स्वतःचे पैसे आधी भरावेत आणि तसं लिहावं. मग फेसबुक, मग ओळखीच्यांना एकेकट्याला निरोप. गटात टाकलेल्या शंभर निरोपांपेक्षा नावानं पाठवलेले दहा निरोप जास्त काम करतात. "दादा, तुम्ही सहावीत असताना इथे बसायचात, म्हणून तुम्हाला लिहिते" असं लिहायला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा.

मिलाप, केटो यांसारख्या निधी जमवणाऱ्या संकेतस्थळांवर आवाहन टाकता येतं. मोठ्या रकमेसाठी, विशेषतः उपचारासाठी, ती उपयोगी आहेत. पण तिथं जाण्याआधी शुल्क किती, पैसे कोणाच्या खात्यात किती दिवसांत येतात आणि ८०जीची पावती कोण देणार, ही तीन उत्तरं लेखी घ्या. छपराएवढ्या कामाला स्वतःचा क्यूआर पुरतो.

वेळेचं म्हणाल तर गणपतीच्या आठवड्यात मागू नका. चाकरमानी गाडीचं तिकीट, मखर, पाहुणे यात गुंतलेला असतो आणि खिसाही हलका झालेला असतो. त्या दिवसांत त्यांना वाचनालयात बोलवा, चहा द्या, पडवी दाखवा. परत गेल्यावर लिहा. २ ते ८ ऑक्टोबर देशभर दान उत्सव असतो, तो आठवडा त्यासाठी चांगला पडतो. जुन्या करप्रणालीतले लोक मार्चमध्ये पावतीच्या शोधात असतात. मे महिन्यात सगळे आंब्या-फणसाला गावी येतात, तेव्हा कागदावर आधीच लिहिलेलं काम प्रत्यक्ष दाखवता येतं. आणि शेजारी मोठं संकट कोसळलेलं असेल तर आपलं नेहमीचं आवाहन मागे ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली. चिपळूणचं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्या पुरात सापडलं. त्या आठवड्यात आमच्या कपाटांसाठीचा मजकूर तयार होता. आम्ही तो गटात टाकला नाही, आणि आमच्या वाचकांना चिपळूणकडे बघायला सांगितलं.

पैसे आल्यावर

इथं सर्वात जास्त संस्था कमी पडतात, म्हणून जरा सविस्तर.

पैसे आले त्याच दिवशी नावानं आभार आणि पावती. पावती पुस्तकातली पावती लिहून तिचा फोटो पाठवला तरी चालेल. नाव, पत्ता, पॅन तेव्हाच मागा. ८०जी असलेल्या संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरणपत्र आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावं लागतं. जुन्या आयकर कायद्यात ते फॉर्म १०बीडी म्हणून ओळखलं जायचं. त्यातून देणगीदाराचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यातलं १०बीई) निघतं आणि त्याशिवाय त्याला वजावट मिळत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. एका वर्षी आमचं पॅन मागायचं राहून गेलं आणि मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या गडबडीत, चाळीस जणांना फोन करत बसलो. निनावी पैसे फार जमू देऊ नका. ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लागू शकतो.

दर आठवड्याला दोन ओळी: आज किती जमले, किती बाकी. काम सुरू झालं की फोटो. काम संपलं की बिलांसकट हिशेब, जिथे मागितलं त्याच जागी. आमचा हिशेब असा होता: जमा ३९,४१०. कौलं ११,२००, वासे ७,२००, रीप ३,९५०, मजुरी १२,०००, टेम्पो २,५००. खर्च ३६,८५०. रीपेला ३५० रुपये जास्त गेले, कारण मोजताना एक बाजू राहून गेली होती. तेही लिहिलं. देणगीदारांची नावं छापताना आकडे छापायचे का, हे आधी विचारा. आम्ही नावं अकारविल्हे छापतो, रकमा नाही. २८० देणारा आणि ५,००० देणारा एकाच यादीत.

परदेशातून आले तर

दुबई, मस्कत, कुवेतमध्ये आपली पुष्कळ माणसं आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी योगदान धरले जात नाहीत, पण पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी योगदानच. त्यासाठी परदेशी योगदानाच्या कायद्याखाली (एफसीआरए २०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. परवानगी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. आवाहनातच एक ओळ टाका, म्हणजे पैसे परत करण्याची वेळ येत नाही.

मागायचं नसतं तेव्हाही लिहा

वर्षातून एकदाच, तेही मागायलाच, दार वाजवणाऱ्याला कोण उघडेल? महिन्याला एक छोटा मजकूर ठेवा. नवीन कोणती पुस्तकं आली, कोणत्या आजोबांनी सलग सातवी कादंबरी नेली, पावसात कोणत्या कपाटाला वाळवी लागली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात, त्याचे पैसे गावात येतात. "सढळ हस्ते" म्हणावं लागलं नाही. पहाटे वाळूवर काय घडतं, ते लोकांपर्यंत पोचलं. तुमच्या गावातही सांगण्यासारखं काहीतरी रोज घडत असतं. ते टिपायला एका तरुण मुलाला किंवा मुलीला जबाबदारी द्या, संस्थेचा फोन त्यांच्या हातात द्या, आणि मजकूर टाकण्याआधी दोघांनी वाचायचा, असा नियम ठेवा.

पैसे उरले तर

आमच्याकडे छपरातून २,५६० रुपये उरले. ते मुकाट्यानं इतर खर्चात घालता आले असते. पण लोकांनी कौलांसाठी दिलेले पैसे कौलांचेच, म्हणून गटात विचारलं: परत हवे असतील तर सांगा, नाहीतर काय करावं ते सुचवा. परत कोणी मागितले नाहीत. डोंबिवलीच्या काकांनी लिहिलं, "पन्नास कौलं जादा आणून पडवीच्या कोपऱ्यात ठेवा. पुढचं वादळ कौलं मोजून येत नाही." बाकीच्यांनी होकार भरला. पन्नास कौलं १,४०० ला आली, उरलेल्या पैशांत पडवीत दिवा आणि वायरिंग झालं, दोन्ही बिलं गटात टाकली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. त्या खेपेला बावीस कौलं फुटली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोपऱ्यातली नवी कौलं वर चढली होती.